एकशे सातवर अडकलेला पारा

मित्रांनो, तुमच्या घरी ताप बघायला आता एक पांढरं, गुबगुबीत यंत्र असेल. बटण दाबलं की ते टुंग वाजतं आणि आकडा दाखवतं. मी त्याच्या आधीच्या पिढीतला. काचेचा, तुमच्या बाबांच्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब, पोटात पारा असलेला म्हातारा थर्मामीटर. यवतमाळमधल्या एका कपाटाच्या खणात, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी सध्या माझा मुक्काम आहे. मला कोणी फेकून दिलेलं नाही. का दिलं नाही, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापलेली काच ओढून माझी नळी केली, खालच्या टोकाला पाऱ्याचं पोट दिलं, आणि पोटाच्या अगदी वर, मानेपाशी, नळी जराशी आवळली. ही आवळलेली मान लक्षात ठेवा. अंगाची ऊब लागली की पारा त्या चिंचोळ्या मानेतून वर चढतो, पण आपणहून खाली येऊ शकत नाही. म्हणून तर तुम्ही मला काखेतून काढून उजेडात धरेपर्यंत आकडा जिथल्या तिथे थांबतो. खाली आणायचा तर मला झटकावं लागतं. एकदा वर गेलेलं परत घेणं माझ्या हातात नसतं.

केळापूरला राहणाऱ्या एका कारकुनानं मला पांढरकवड्याच्या मेडिकलमधून घरी आणलं. त्यांच्या मुलीचं नाव केतकी. पावसाळा लागला की केतकीला हमखास ताप यायचा. मग तिची आई मला गार पाण्यानं धुऊन पुसायची, मनगटाला हिसका देऊन तीनदा झटकायची आणि काखेत ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. पोरगी हलली की म्हणायची, "चूप राह्य वो, पारा भेतो." काखेत मोजलं की एक अंश मिळवायचा, हा तिचा नियम. शेजारचे लोक मला उसना मागून न्यायचे. "तुमच्याकडचा खरं बोलते," असं म्हणायचे. मित्रांनो, काचेच्या जिवाला याहून मोठं कौतुक कोणतं?

पुढे केतकी यवतमाळला कॉलेजात शिकली, तिचं लग्न झालं, बाळंतपणाला माहेरी आली. परत जाताना आईनं गुटीच्या डब्याबरोबर, कापसात गुंडाळून, मलाही तिच्या पिशवीत घातलं. बाळाचं नाव अनिकेत.

केतकीचं घर म्हणजे एका अरुंद गल्लीतली माडीवरची खोली आणि छोटं स्वयंपाकघर. वर टिनाचे पत्रे. जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार. खाली जमीर आणि हलीमा राहायचे. जमीर ऑटो दुरुस्त करायचा. त्यांची जिया अनिकेतपेक्षा वर्षानं मोठी. घरमालक देवराव समोरच्या घरात. ते एका ऑफिसातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते आणि गल्लीला अजून ऑफिसच समजायचे. केतकीचा नवरा नंदकिशोर महागावच्या बाजार समितीत नोकरीला. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी.

आणि मग तो उन्हाळा आला. तुमच्यातल्या लहानांना तो आठवणारही नाही. सगळी माणसं एका न दिसणाऱ्या रोगाला भिऊन दारं लावून बसली होती.

केतकी मुळातच काळजीची. अनिकेत झोपला तरी दोन-दोनदा त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी. त्या दिवसांत तर तिची नजर एका जागी ठरेना. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात, भाजी मिठाच्या पाण्यात, दाराच्या कडीवर दिवसातून चार वेळा फडकं. पेपर बंद. अनिकेतच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. तिचे हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

देवरावांनी आमच्या फाटकापाशी बादली आणि साबण ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धुवायला लावत. मास्क मात्र त्यांच्या हनुवटीवर असायचा, बोलायला अडचण होते म्हणून. संध्याकाळी चार जण त्यांच्या ओट्यावर हातभर अंतर सोडून बसायचे आणि एकाच गड्डीतले पत्ते थुंकी लावून वाटायचे.

एप्रिलमध्ये गल्लीच्या ग्रुपवर खालच्या घराबद्दल लिहून यायला लागलं. 'त्यांच्यावर लक्ष ठेवा. त्यांच्याकडूनच पसरतं आहे.' केतकीनं ते पुढे पाठवलं नाही. पण असं लिहू नका, असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाळीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा लावला. हलीमा खालून बघत होती. 

मे महिन्यात कोपऱ्यावरच्या घरातला एक माणूस नागपूरहून आला आणि आजारी निघाला. त्याला रुग्णवाहिकेतून नेलं. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून लोकांनी मोबाइल धरले होते. त्याची बायको पदरानं तोंड झाकून घेत होती, आणि झाकलेल्या तोंडाचंही चित्रण चालू होतं. त्याच दुपारी गल्लीच्या दोन्ही टोकांना बांबू आणि पत्रे ठोकले गेले. आता कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. नंदकिशोर महागावलाच राहिला.

आत येणारी एकच बाई होती. आशा कार्यकर्ती कुंदाताई. डोक्याला रुमाल, तोंडावर दोन पदरी फडकं, हातात जाड रजिस्टर. रोज दहाच्या सुमाराला ती उन्हातून घरोघर फिरायची आणि खालूनच विचारायची, "ताप? खोकला? दम लागते का कोणाले?"

गॅलऱ्यांतून उत्तरं यायची, "नाही." "नाही." "आमच्याकडं काहीच नाही." ती नाही लिहायची आणि पुढे सरकायची. ती गेली की तिनं हात लावलेलं फाटक लोक पाण्यानं धुऊन काढत. तिला कोणी सावलीत ये म्हणत नसे.

त्याच आठवड्यात केतकीच्या फोनवर एक निरोप आला, की कुलरच्या वाऱ्यातून रोग खोलीत शिरतो. कुलरची खिडकी हलीमाच्या अंगणावर उघडायची. केतकीनं कुलर बंद केला आणि खिडकीची फटसुद्धा कागद चिकटवून बुजवली.

मित्रांनो, यवतमाळचा मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. टिनाच्या पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी भांडी हाताला चटका देत. छपरावरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळाला चहासारखं यायचं. अनिकेतच्या अंगभर घामोळं उठलं होतं. एके दुपारी तो किरकिर करत आईच्या मांडीवर येऊन पडला. केतकीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. कपाळ गरम होतं.

कितीतरी दिवसांनी माझी डबी उघडली.

तिनं मला नळाखाली धरलं, साबण लावला, पुन्हा नळाखाली धरलं. ते पाणी माझ्या पोटाला भिडलं आणि पारा भराभरा वर गेला. तिनं झटकलं, अगदी आईसारखं, तीनदा. पण ती खोलीच इतकी तापलेली होती की हवेतच पारा पुन्हा चढला. मग तिनं मला अनिकेतच्या काखेत ठेवलं. त्याची काख माझ्यापेक्षा गार होती. मला स्पष्ट जाणवलं की लेकराला ताप नाही. पारा खाली यायला बघत होता आणि माझी आवळलेली मान त्याला येऊ देत नव्हती.

केतकीनं मला उजेडात धरलं. एकशे चार.

"काखेत चार," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "म्हणजे पाच."

तिनं वही ओढून आकडा लिहून ठेवला.  मी खोलीबद्दल खरं सांगत होतो आणि ती ते लेकराबद्दल समजत होती. आणि मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अठ्ठ्याण्णव. तिनं देवापुढे हात जोडले. दहाला एकशे दोन. दुपारी दोनला एकशे सात. पहाटे उतरायचा, दुपारी चढायचा. खराखुरा ताप असाच वागतो, आणि केतकी सगळं वहीत लिहून ठेवत होती, त्यामुळे तिची खात्रीच पटली. तिनं तापाचं औषध दिलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं. मग मला धुतलं, त्याच नळाखाली.

तिनं नंदकिशोरला फोन लावला. तो म्हणाला, "कुंदाताईला सांगून टाक. त्यांना कळतं."

"आणि नेलं म्हणजे?"

"नेतील तर नेतील. बरा होईल ना तिथं."

"त्याला एकीकडे आणि मला दुसरीकडे ठेवलं तर? तीन वर्षांचा आहे तो. त्याला शी झाली हेसुद्धा नीट सांगता येत नाही."

 मग तो म्हणाला, "मी येतो. चालत येतो."

"कुठून येशील? पत्रे ठोकलेत."

ती फोन ठेवून जाळीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर साडीचा पडदा, खाली सील केलेली गल्ली, वर तापलेले पत्रे. माझ्या डबीतून मला तिची पाठ दिसत होती. या सगळ्यांत मला माझी डबीच मोठी वाटली.

त्याच सकाळी दहा वाजता कुंदाताई आली होती तेव्हा खालून प्रश्न आला, "केतकीताई, लेकरू कसं हाये?"

"छान आहे."

"ताप?"

केतकीनं अनिकेतला पोटाशी घट्ट दाबलं होतं. "नाही," ती म्हणाली.

कुंदाताईनं मान वर करून पाहिलं, लिहिलं आणि गेली. असं तिनं तीन दिवस लिहिलं.

चौथ्या दुपारी केतकीचा डोळा लागला. तीन रात्री ती बसूनच होती. जागी झाली तर अनिकेत शेजारी नव्हता. तो जाळीच्या दाराशी बसला होता. पडदा बाजूला सारलेला. पलीकडे पायरीवर जिया. दोघांच्या मधे, जाळीच्या तुटक्या कोपऱ्यातून, आंब्याची एक कोय ये-जा करत होती. अनिकेत चोखायचा आणि पुढे करायचा. जिया चोखायची आणि मागे द्यायची. दोघांच्या कोपरांपर्यंत रस ओघळला होता आणि दोघंही अगदी गंभीरपणे, एकमेकांची पाळी मोजत, ते काम करत होते.

 तिनं अनिकेतला मागे ओढलं. तो रडायला लागला. जिया कोय हातात घेऊन धूम खाली पळाली.

ती तशीच जमिनीवर बसली. मला वाटतं, त्या तीन दिवसांत तिला पहिल्यांदाच कळलं की हा ताप आता तिच्या एकटीच्या घरातला राहिला नव्हता. सांगितलं तर अनिकेतला नेतील. नाही सांगितलं तर जियाला उद्या ताप येईल आणि हलीमाला तो कुठून आला हे कधी कळणारही नाही. उलट गल्ली म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो, त्यांच्यापासूनच सुरुवात झाली. केतकी काही बोलली नाही तर ते सगळ्यांना खरंच वाटेल.

ती उठली. तिनं पडदा उतरवला. ओढून नव्हे. एक एक गाठ सोडून.

"हलीमाभाभी," तिनं खाली हाक मारली. आवाज फाटका आला. "हलीमाभाभी, जरा येता का? वर नका येऊ. खालीच थांबा."

हलीमा कणकेचे हात घेऊन जिन्याखाली आली. "का वो, काय झालं?"

"अनिकेतला ताप आहे. तीन दिवसांपासून. आणि आत्ता जियानं त्याची उष्टी कोय चोखली. मला झोप लागली होती. मी बघितलं नाही."

हलीमाचे हात कणकेसकट हवेतच राहिले. "तीन दिस झाले? अन् आज सांगून राह्यली?"

"मला भीती वाटली. त्याला घेऊन जातील म्हणून."

"तुले भेव वाटला, मान्य हाये. मले भेव नाई का? माही पोट्टी पायरीवर येऊन बसते हे तुले ठाऊक होतं ना?" हलीमाचा आवाज चढला होता. "तू पडदा लावला तवा मी काही बोलली का? म्हटलं, डरली बिचारी, लेकरूवाली हाये. पन हे काहून लपवलं, केतकी?"

 केतकी नुसती जाळी धरून उभी होती. तेवढ्यात अनिकेत रडं विसरला. त्यानं प्लास्टिकची बादली उलटी केली, तिच्यावर चढला आणि धाडकन उडी मारली. पुन्हा चढला. पुन्हा उडी.

हलीमानं तो आवाज ऐकला. "हे कोन कुदून राह्यलं?"

"अनिकेत."

"किती ताप म्हणतं त्याले?"

"एकशे सात. काखेत. म्हणजे आठ."

"एकशे आठ!" हलीमा दोन पायऱ्या वर चढली आणि मान वाकडी करून जाळीतून बघू लागली. अनिकेतनं तिला दाखवायला म्हणून मुद्दाम एक मोठी उडी मारली. "अव बाई, एकशे आठ ताप असलेलं पोट्टं असं कुदते? मले नुसते एकशे दोन आले होते त पानी मागाले तोंड उघडेना. तुया किती हाये?"

"माझा?" केतकीनं काल दुपारीच मोजला होता आणि कोणाला सांगायचा धीर झाला नव्हता. "माझाही तेवढाच."

"दोघाइलेबी सारखा?"

"हो."

"मंग त्या पलंगाले बी लावून पाय," हलीमा फणकारली. "त्याले बी असन."

ती चिडूनच म्हणाली होती.  पण केतकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग आत आली, मला झटकलं आणि पलंगाच्या गादीवर ठेवलं. कोणाच्या काखेत नाही, जिभेखाली नाही. नुसतं गादीवर. आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. त्या दोन मिनिटांत माझ्या पोटात काय चाललं होतं, ते मी तुम्हाला कसं सांगू? तीन दिवस मी जे ओरडून सांगत होतो, ते ऐकायला पहिल्यांदाच कोणीतरी थांबलं होतं.

तिनं मला उचललं. एकशे सात.

"भाभी," ती दाराशी येऊन म्हणाली, "पलंगालाही एकशे सात."

हलीमानं तिच्याकडे बघितलं. मग तोंडाला ओढणी लावली. मग तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "या अल्ला! पलंगाले कोरोना! सांग कुंदाताईले, घेऊन जाय म्हना ॲम्ब्युलन्समंधी!"

केतकी हसत होती की रडत होती, ते मला ओळखता आलं नाही. तिनं दार उघडलं. हलीमा म्हणाली, "दे इकडं, नळाच्या पान्यात नको धरू, थे आग हाये," आणि मला खाली घेऊन गेली. तिच्या अंधाऱ्या, गार खोलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता. तिनं पेला भरून पाणी काढलं आणि मला त्यात सोडलं.

मित्रांनो, तो गारवा मी कधी विसरणार नाही. मग तिनं दिलेला हिसका! पारा माझ्या मानेतून सुटला आणि खाली पोटात येऊन बसला. तीन दिवसांचं ओझं उतरलं. केतकी अनिकेतला घेऊन खाली आली. त्या सावलीत, त्या गारव्यात मी त्याच्या काखेत राहिलो. साडेसत्त्याण्णव. एक मिळवला तर साडेअठ्ठ्याण्णव. मला साबणानं धुऊन जियाला लावलं. तेवढाच. केतकीनं दोन-दोनदा बघितलं. मग तिनं वही उघडली आणि तीन दिवसांच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली. संध्याकाळी खिडकीचा कागद फाडला आणि कुलर लावला.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता कुंदाताई आली.

"ताप? खोकला? दम?"

"नाही." "नाही." "काहीच नाही."

केतकी अनिकेतला कडेवर घेऊन खाली उतरली. मी तिच्या हातात होतो, ओल्या रुमालात. ती फाटकापाशी अंतर ठेवून उभी राहिली.

"कुंदाताई, मी तीन दिवस तुमच्याशी खोटं बोलले. ह्याला ताप आहे असं मला वाटत होतं आणि मी नाही सांगत होते. ताप नव्हता. थर्मामीटर खोलीनं तापला होता. पण असता, तरी मी नाहीच सांगितलं असतं."

समोरच्या ओट्यावरून देवरावांचं हसणं ऐकू आलं. "म्हणजे पलंगाला ताप होता म्हणतात ती गोष्ट खरी! सुशिक्षित बाई आणि हे असं!" गॅलऱ्यांतूनही खसखस पिकली. गल्लीत गोष्ट केव्हाच पोचली होती.

कुंदाताई हसली नाही. फाटकाच्या खांबाला टेकून ती उभी होती. "हसता काय, काका? तिनं मोजून त पाह्यलं. तुमच्याकडं थर्मामीटर हाये का? मोजता का रोज?"

देवरावांनी हनुवटीवरचा मास्क नाकापर्यंत वर ओढला. 

केतकीची नजर कुंदाताईवर खिळली होती. मी सांगितलं ना, ती फार बारीक बघायची. उन्हात सगळ्यांचे चेहरे घामानं निथळत होते आणि कुंदाताईचं कपाळ कोरडं होतं. तिनं रजिस्टर छातीशी धरलं होतं, थंडी वाजणारा माणूस चादर धरतो तसं.

"ताई," केतकी म्हणाली, "तुमचा कोण बघतं?"

"माहा? माहा कोन पाह्यते बाई!"

"सावलीत या."

"नको. लोक बोलतीन तुले."

"बोलू द्या. या."

महिनाभरात पहिल्यांदाच कुंदाताई कोणाच्या तरी सावलीत आली. जिन्याखालच्या पायरीवर बसली. हलीमानं माठातल्या पाण्याचा पेला पायरीवर ठेवला आणि मागे झाली. केतकीनं मला त्याच पाण्यात बुडवून झटकलं, आधी स्वतःच्या काखेत ठेवून खात्री केली आणि धुऊन, हात लांब करून, कुंदाताईला दिलं.

मी तिच्या काखेत गेलो आणि मला लगेच कळलं. ही ऊब खोलीची नव्हती, नळाची नव्हती. पारा एका चालीनं चढत गेला आणि थांबला.

केतकीनं दुरूनच वाचायला सांगितलं. कुंदाताईनं मला उजेडाकडे धरून वाचलं. "एकशे एक. वर चार रेघा." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "मले वाटलं, उन्हाचं हाये. तापाची गोई खाऊन निंगत होती रोज. मायी दोन लेकरं हायेत, केतकीताई. सांगतलं असतं त मले नेलं असतं. लेकराइले कोनाजवळ ठिवू?"

केतकीच्या डोळ्यांत काय होतं, ते मी पाहिलं. हेच वाक्य ती तीन दिवस स्वतःशी बोलत होती.

"माझ्याकडे पाठवता आली असती, तर पाठवा म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण गल्ली बंद आहे. बहीण आहे ना तुमची लोहाऱ्याला? मी फोन लावते. आत्ता लावते. ती घेऊन जाईपर्यंत फोन ठेवणार नाही."

तिनं खरंच तसंच केलं. बहिणीचा होकार आला तेव्हा कुंदाताईनं एक मोठा श्वास सोडला, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेनचं टोपण उघडलं. आमच्या गल्लीच्या पानावर वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलेलं होतं. शेवटच्या घराखाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'हो'. अक्षर जरा हललं होतं.

मग तिनं वर पाहिलं आणि सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारलं, "ताप? खोकला? दम? आता खरं सांगा रे बाबाहो, मी घाबरवाले नाई येत."

 मग तिसऱ्या घरातून एका म्हातारीचा आवाज आला. "मले कालपासून खोकला हाये, बाई." मग आणखी एक. आणि मग बऱ्याच वेळानं, ओट्यावरून, "आमच्या हिचं अंग दुखतं आहे."

कुंदाताई त्या दुपारी रुग्णवाहिकेत बसली. गॅलऱ्यांत माणसं होती. एकानंही मोबाइल धरला नव्हता. सतराव्या दिवशी ती परत आली, अंगानं अर्धी झालेली, पण रजिस्टर घेऊन. मागाहून नेलेली खोकल्याची म्हातारीही परत आली.

त्यानंतर वर्षभरात केतकीनं ते टुंग वाजणारं यंत्र आणलं आणि मी खणात गेलो. मला त्याचं वाईट वाटत नाही. खणात अंधार आहे, पण गारवा आहे.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना तुमच्याही घरी असेल तर त्याला उन्हात, चुलीजवळ, तापल्या पत्र्याखाली ठेवू नका. कडक उन्हाळ्यात वापरण्याआधी माठाच्या पाण्यात घालून झटका. हातातून पडून फुटलाच, तर सांडलेल्या पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आम्ही सांगतो तो आकडा कोणाचा आहे, लेकराचा की खोलीचा, एवढं बघून घ्या.

आणि दाराशी येऊन कोणी विचारलं, की घरात कोणाला बरं नाही का, तर जे असेल ते सांगा. मग तिलाही विचारा, बाई, तुला कसं आहे? आणि उत्तर ऐकेपर्यंत तिला सावलीत बसू द्या.